कुंडीतल्या संकरित टोमॅटोची बाजू

गच्चीवर, बाल्कनीत किंवा अंगणात भाजी लावणारी मंडळी एकत्र आली आणि टोमॅटोचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बी गावरान आहे ना?" "नाही, संकरित आहे," असं उत्तर दिलं की पुढे काय ऐकायला मिळणार हेही ठरलेलं असतं. हायब्रीड म्हणजे जनुकं बदललेलं. त्याचं बी वांझ. त्याला रासायनिक खत आणि फवारणीशिवाय फळ धरत नाही. चव नाही. आणि एकदा ते घेतलं की जन्मभर कंपनीच्या दारात. घरी खायला पिकवायचं, तर असलं विष मातीत टाकायचंच कशाला?

हे बोलणारी माणसं कळकळीने बोलतात. घरातल्या ओल्या कचऱ्याचं खत त्यांनीच करून दाखवलं, पालापाचोळा जाळायचा नसतो हे सोसायटीला त्यांनीच पटवलं. म्हणूनच त्यांच्याशी हा वाद घालावासा वाटतो. त्यांचं ऐकून नवखा माणूस कुणाकडून तरी मिळालेलं अनोळखी बी पेरतो. दीड महिन्यात पानं आकसतात, रोप खुरटतं, आणि "टोमॅटो आपल्याला जमत नाही" असं म्हणून तो हात धुऊन मोकळा होतो. माझं म्हणणं असं की ज्याच्याकडे जागा चार-सहा कुंड्यांचीच आहे आणि ज्याला फवारणी अजिबात करायची नाही, त्याने रोगप्रतिकारक संकरित टोमॅटो बियांपासून लावावा. सेंद्रिय बागेशी त्याचं काहीही वैर नाही.

पहिला आक्षेप लवकर निकालात निघतो. संकरित वाण वेगळा आणि जनुक-परिवर्तित वाण वेगळा. जनुक-परिवर्तित टोमॅटो जगात झाला आहे. अमेरिकेत 'फ्लेव्हर सेव्हर' नावाचा टोमॅटो 1994 साली बाजारात आला आणि काही वर्षांतच बाजारातून गेला. भारतात मात्र असा एकही टोमॅटो लागवडीसाठी मंजूर नाही. आपल्याकडे शेतात रीतसर रुळलेलं जनुक-परिवर्तित पीक म्हणजे 2002 सालापासूनचा बीटी कापूस. बीटी वांगं मंजुरीच्या उंबरठ्यावर आलं होतं, त्याला 2010 साली स्थगिती मिळाली. तेव्हा टोमॅटोच्या पाकिटावर 'एफ-1 संकरित' असं छापलेलं असेल, तर दोन वेगळ्या टोमॅटो वाणांचा संकर करून मिळालेलं हे पहिल्या पिढीचं बी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हा संकर कसा होतो ते एकदा जवळून बघायला हवं. टोमॅटोचं उमललेलं पिवळं फूल हातात घ्या. मध्ये पुंकेसरांची एक निमुळती नळी दिसते आणि स्त्रीकेसर तिच्या आत झाकलेला असतो. वाऱ्याने किंवा भुंग्याच्या थरथरीने फूल हललं की नळीतले परागकण आतल्या आतच स्त्रीकेसराच्या टोकावर पडतात. टोमॅटो बहुतांशी स्वतःचंच परागीभवन करतो. त्यामुळे दोन वाणांचा संकर हवा असेल तर माणसाला मध्ये पडावं लागतं.

बुलडाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजाच्या परिसरात आणि शेजारच्या जालना जिल्ह्यात शेडनेटमध्ये हेच काम चालतं. उद्या उमलणारी कळी आज ओळखायची. बारीक चिमट्याने तिच्यातली पुंकेसरांची नळी अलगद उपटायची, पण आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी नर वाणाच्या फुलांतून गोळा केलेले पराग त्या उघड्या टोकाला लावायचे. हे फूल संकर झालेलं आहे अशी खूण म्हणून त्याच्या हिरव्या पाकळ्यांची एक-दोन टोकं कातरायची. फळ लाल झालं की देठापाशी ही कातरलेली खूण बघायची. ती असेल तरच फळ बियाण्यासाठी घ्यायचं, नसेल तर बाजूला टाकायचं. कळी-कळीला असं हाताने शिवावं लागतं आणि हे काम बहुतेक ठिकाणी बाया करतात. संकरित बियाणं महाग असतं त्यात या मजुरीचा वाटा मोठा आहे. यात जनुकं कापण्या-जोडण्याचा संबंधच येत नाही. शहरात बसून ज्याला आपण विष म्हणतो, ते या बायांच्या नजरेचं आणि बोटांचं काम आहे. तो शब्द मला म्हणूनच खटकतो.

बी वांझ असतं, हा समज तर कुणीही घरच्या घरी तपासू शकतो. पिकलेला संकरित टोमॅटो कापा, बी गरासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्या, धुऊन सावलीत वाळवा आणि पेरा. ते उगवतं, त्याला फुलं येतात, फळंही येतात. फरक पडतो तो एकसारखेपणात. पहिल्या पिढीत सगळी रोपं सारखी असतात, दुसऱ्या पिढीत मात्र आजी-आजोबांचे गुण वेगवेगळ्या वाटण्यांनी उतरतात. कुठलं झाड उंच, कुठलं बुटकं, कुणाची फळं चपटी, कुणाची लांबट. मेंडेलने 1866 साली वाटाण्यावरच्या निबंधात मांडलेलं गणित ते हेच. समजा, रोगाला दाद न देण्याचा गुण एकाच प्रभावी जनुकामुळे आलेला आहे आणि तो एकाच पालकाकडून आला आहे. मग दुसऱ्या पिढीच्या दर चार रोपांमागे सरासरी तिघांत तो असणार. अशा तीन स्वतंत्र गुणांचा एकत्र विचार केला तर चौसष्टांपैकी सरासरी सत्तावीस रोपांत तिन्ही सापडतील. म्हणजे दुसऱ्या पिढीत हमी जाते, पण सगळं काही वाया जात नाही.

मक्यात असं स्वतःच्याच परागावर पिढ्या काढत गेलं की झाड हळूहळू क्षीण होतं. टोमॅटो मुळातच स्वतःच्या परागावर जगणारा असल्याने त्याला ते फारसं बाधत नाही. म्हणून ज्याला हौस आहे त्याने संकरिताचं बी राखावं, दुसऱ्या पिढीतली उत्तम झाडं निवडावीत, त्यांचंच बी पुढे न्यावं. सहा-सात पिढ्यांत स्वतःच्या गच्चीला मानवणारा, बऱ्यापैकी स्थिर झालेला वाण हातात येतो. श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'तून शेतकऱ्याला आणि शहरातल्या माणसालाही आपल्या जागेत आपण प्रयोग करायला शिकवलं. त्या शिकवणीत हा उद्योग चपखल बसतो.

इथेच एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. गटागटांतून 'गावरान टोमॅटो' म्हणून जे बी वाटलं जातं, त्यातलं पुष्कळसं भाजीवाल्याकडच्या पिकलेल्या टोमॅटोतून काढलेलं असतं. आणि बाजारातला टोमॅटो आज बहुतेक संकरितच असतो. म्हणजे गावरानच्या नावाखाली हातोहात फिरतं ते संकरिताची दुसरी पिढी, आणि तीसुद्धा न निवडलेली, नाव-गाव नसलेली. संकरिताला विरोध करणाऱ्याच्या कुंडीत संकरिताचंच हमी नसलेलं अपत्य वाढत असतं. त्यापेक्षा नाव माहीत असलेलं, तारीख छापलेलं पाकीट शतपटीने बरं.

आता चवीचा आक्षेप. तो निराधार आहे असं मी म्हणणार नाही. बाजारातला टोमॅटो खरोखरच पुष्कळदा पुठ्ठ्यासारखा लागतो. पण दोष कुणाच्या माथी मारायचा, हा प्रश्न आहे. नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून दूरच्या शहरांकडे जाणारा माल पूर्ण लाल होऊन चालत नाही. टोकाला रंग धरू लागला की तो तोडावाच लागतो, नाहीतर क्रेटच्या तळाशी लगदा होतो. झाडावर पिकताना फळात जी साखर आणि जो वास भरतो, त्याला मुदत मिळत नाही. त्यात घरी आणून आपण तो फ्रीजमध्ये ठेवतो. साधारण 12 अंशांखालच्या थंडीत टोमॅटोचा वास मरतो हे प्रयोगांनी दाखवून दिलेलं आहे. विसाव्या शतकात पैदासकारांनी सगळीकडून एकसारख्या फिक्या हिरव्या दिसणाऱ्या फळांची निवड केली, त्याचाही फटका बसला. 2012 साली त्यामागचं जनुक सापडलं, तेव्हा कळलं की देठाजवळचा तो गडद हिरवा पट्टा गेला तशी फळात साखर तयार करण्याची ताकदही थोडी गेली. हा बदल सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांतही आहे आणि संकरितांतही. कारण आहे ती निवड, संकर नव्हे.

संकर चवीचा शत्रू असता, तर जगभरच्या हौशी बागाईतदारांचा लाडका 'सन गोल्ड' हा नारिंगी चेरी टोमॅटो कुणी लावलाच नसता. तो जपानी कंपनीने तयार केलेला एफ-1 संकर आहे. फ्लोरिडा विद्यापीठात हॅरी क्ली यांनी चवीच्या रसायनांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि जुने चवदार वाण नव्या कणखर वाणांशी संकर करून 'गार्डन जेम' आणि 'गार्डन ट्रेझर' हे घरच्या बागेसाठीचे टोमॅटो दिले. चव परत आणायला त्यांनीही संकराचाच आधार घेतला. आपल्या कुंडीतला संकरित टोमॅटो झाडावर पूर्ण लाल होऊ द्या, त्याच दिवशी कापा, मीठ लावून खा आणि मग चवीबद्दल बोला. पातळ सालीचा, रसाळ, आंबट गावरान टोमॅटो सारासाठी आणि चटणीसाठी सरस लागतो, हे मात्र मला मान्य आहे. प्रत्येक संकर चविष्ट असतो असंही नाही. दूरच्या वाहतुकीसाठी काढलेले टणक फळांचे संकर घरच्या बागेला नकोतच. निवड करताना हे बघायला हवं.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा फवारणीचा, आणि इथे आक्षेप घेणारे वस्तुस्थितीच्या नेमकं उलट बोलतात. महाराष्ट्रात घरच्या टोमॅटोचा घात कोण करतं? पहिल्या क्रमांकावर पांढरी माशी आणि तिने आणलेला पर्णगुच्छ विषाणू. शेंड्याची पानं वर वळतात, पिवळी पडतात, वाढ थांबते, फुलं गळतात. विषाणूवर औषध नाही. मग माशी मारण्यासाठी शेतकऱ्याला आंतरप्रवाही कीटकनाशकांच्या फवारण्या घ्याव्या लागतात. दुसरा करपा, पावसाळ्यात हमखास येणारा. तिसरा जिवाणूजन्य मर, ज्यात काल टवटवीत असलेलं झाड आज माना टाकतं. या तिन्हींशी झाडालाच लढता आलं तर फवारणीची पाळी कमी येते. बंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने 'अर्का रक्षक' आणि 'अर्का सम्राट' हे संकर दिले ते पर्णगुच्छ, मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक म्हणून. त्याच संस्थेच्या 'अर्का अभेद'मध्ये उशिरा येणाऱ्या करप्याचाही प्रतिकार आहे. ही सरकारी संस्था आहे, तिचं बियाणं घरबसल्या मागवता येतं.

यातला पर्णगुच्छाचा प्रतिकार कुठून आला तेही सांगण्यासारखं आहे. लागवडीतल्या टोमॅटोत तो नव्हताच. हिसारच्या कृषी विद्यापीठात कल्लू आणि बॅनर्जी यांनी दक्षिण अमेरिकेतल्या एका रानटी टोमॅटोशी संकर करून तो आपल्या टोमॅटोत आणला आणि 1990 साली ते काम प्रसिद्ध केलं. त्यातून आलेला 'एच-24' हा स्वतः सरळ वाण होता. मग कुणी विचारेल, सरळ वाणातही प्रतिकार असतो तर संकर हवाच कशाला? असतो, पण एका सरळ वाणात तिन्ही-चारही रोगांचा प्रतिकार, फळाचा आकार, चव आणि उत्पादन हे सगळं गोळा करायला पिढ्यानपिढ्या लागतात. संकरात एका पालकाकडून एक गुण आणि दुसऱ्याकडून दुसरा, असे प्रभावी गुण पहिल्याच पिढीत एकत्र येतात. फवारणी टाळायची असेल तर हा सगळ्यात जवळचा रस्ता आहे. प्रतिकारक म्हणजे अभेद्य नव्हे. रोप लहान असताना माशीपासून ते जपावंच लागतं आणि फळ पोखरणारी अळी किंवा 2014 साली पुण्याकडे आढळलेली टुटा नागअळी यांना तर हा प्रतिकार चालतच नाही. त्यासाठी पिवळे चिकट सापळे, झेंडूची दोन रोपं आणि रोज सकाळची नजर, एवढं हवंच.

रासायनिक खताबद्दल थोडक्यात. कुठलंही टोमॅटोचं झाड खादाड असतं. जास्त फळं देणारं जास्त खातं. पण त्याला नत्र, स्फुरद, पालाश लागतं. ते रासायनिक खताच्या गोणीतून आलं की गांडूळखत, निंबोळी पेंड आणि राखेतून आलं, हे मुळांना वेगळं कळत नाही. शेतातले एकरी उत्पादनाचे आकडे वाचून कुंडीकडून तेवढ्याची अपेक्षा केली की मग निराशा होते आणि दोष बियाण्याला जातो.

कंपनीवरच्या अवलंबित्वाचा आक्षेप मात्र मी अर्ध्याहून जास्त मान्य करतो. शेतकऱ्याने दर हंगामाला महाग बी विकत घ्यावं, उगवण फसली तर दाद मागत फिरावं, हा खरा जाच आहे. बियाण्यावरचा हक्क शेतकऱ्याकडे राहायला हवा. म्हणूनच 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा अधिकार त्याला दिला आहे; फक्त ब्रँडच्या नावाने ते विकता येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भात यांचे वाण जपले, त्यांना पद्मश्री मिळाली, ते काम अमोल आहे. पण तो न्याय टोमॅटोला जसाच्या तसा लावता येत नाही. वालाच्या, घेवड्याच्या जाती या डोंगरात शेकडो वर्षं राहून इथल्या झाल्या. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा, मेक्सिकोत माणसाळलेला, युरोपमार्गे आपल्याकडे आलेला. त्या प्रवासात मूठभर बियाच पुढे गेल्या, म्हणून लागवडीतल्या टोमॅटोत विविधता फार थोडी उरली. त्याची खरी संपत्ती अँडीजच्या रानटी जातींत आहे आणि ती आपल्या कुंडीपर्यंत पोचते ती संकरातूनच. शिवाय चार कुंड्यांच्या बागेला वर्षाकाठी दहा-बारा बिया लागतात. एका ग्रॅममध्ये सुमारे तीनशे बिया असतात. शेतकऱ्यासाठीचं दहा ग्रॅमचं पाकीट घेतलं तर अख्ख्या वस्तीला पुरेल. एवढ्या खरेदीने कुणी कंपनीचा गुलाम होत नाही.

रोपवाटिकेतून तयार रोप का आणू नये, असंही विचारतात. आणा, पण वाणाचं नाव मिळेलच असं नाही आणि रोपाबरोबर पांढरी माशी घरी येण्याचा धोका असतो. बी पेरणं अवघड नाही. पाकिटावरची उगवणीची टक्केवारी, चाचणीची तारीख आणि मुदत आधी वाचायची. टोमॅटोला किमान 70 टक्के उगवण हा आपल्याकडचा प्रमाणित दर्जा आहे. बियांवर गुलाबी-लाल लेप असेल तर ते बुरशीनाशक असतं. हात धुवायचे, मुलांच्या हाती द्यायचं नाही. ते नकोच असेल तर लेप नसलेलं बी मागून घ्यायचं. ओलसर कोकोपीट आणि गांडूळखत भरलेल्या ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल एकेक बी. पाच ते आठ दिवसांत कोंब वर येतो. इथून पुढे पाणी जास्त झालं की रोपं बुडापाशी सडून कोलमडतात, म्हणून वरची माती थोडी सुकल्याशिवाय पाणी नाही. ट्रेवर बारीक जाळी बांधली की माशीचा पहिला हल्ला चुकतो. तीन-साडेतीन आठवड्यांत रोप चार-पाच पानांचं झालं की मोठ्या कुंडीत लावायचं, खालची पानं खुडून खोड मातीत खोल जाईल असं. पुरलेल्या खोडाला नवी मुळं फुटतात आणि झाड भक्कम होतं. फुलं आली की सकाळी काठीला हलकेच टिचकी मारायची, फळधारणा वाढते. पाणी आज भरपूर आणि उद्या नाही असं झालं तर फळाच्या टोकाला काळा डाग पडतो. त्याला रोग समजून फवारायला धावू नये.

पाऊस ओसरताना ऑगस्टअखेर पेरलेलं बी फुलावर येतं तेव्हा रात्री थंड होऊ लागलेल्या असतात. रात्रीचं तापमान 15 ते 20 अंश असलं की फळं उत्तम धरतात. मेच्या उन्हात पराग निकामी होतात, तेव्हा कुठलाच वाण दोषी नसतो.

गावरानच्या पुरस्कर्त्यांना माझी एक विनंती आहे. येत्या ऑगस्टअखेर एक ट्रे रोगप्रतिकारक संकरिताचा पेरा आणि शेजारी एक राहुरी कृषी विद्यापीठाच्या 'धनश्री'चा किंवा 'पुसा रुबी'चा, म्हणजे नाव माहीत असलेल्या सरळ वाणाचा. दोन्हींना एकच माती, एकच खत आणि एकही फवारणी नाही. कुठल्या कुंडीतलं झाड आकसलं, कुठलं टिकलं, कुठून किती किलो निघालं आणि कुठलं फळ घरच्यांनी मागून खाल्लं, ते वहीत लिहा. संकरिताच्या उत्तम झाडाचं बीही राखा. मतभेद त्यानंतरही उरले तर त्या वहीतल्या नोंदींवर बोलू.